बेकरीने नाकारल्या, रेतीने भाजल्या

मंडळी, आज डोकं फिरलं!

आमच्या गोंदियात घरचं पीठ बेकरीत नेलं की बिस्किटं भाजून देतात. मी ओट्स अन् चॉकलेटचे तुकडे घालून मळलेला कुकीजचा गोळा नेला. बेकरीवाले भैया हसले, "दीदी, ये तो मरीजों का खाना है. अपनी भट्टी में नहीं जाएगा."

डबा उचलून सरळ घरी आले. सासूबाईंची मुरमुरे फोडायची रेती कढईत तापवली, वर कुकीजची ताटली ठेवली, झाकण घातलं.

सासूबाईंनी बोट दाबून पाहिलं. "काऊन वो, कच्च्याच राहिल्या ना?"

"थंड्या तं होऊ द्या!"

गार झाल्यावर त्यांनी चार खाल्ल्या.

उद्या भैयाकडे डबा नेणार. भाजायला नाही, चाखवायला. तुम्ही असता तर गप्प बसला असता का?