गंगासागरला मी काय सांगितलं

हे आजवर माझ्या तोंडातून निघालेलं नाही — नवऱ्यापुढे नाही, देवापुढेही नाही. मी डोंगरकडा गावची आशाताई, सरकारी दवाखान्याच्या वतीनं घरोघरी फिरणारी. गाव मला मान देतं. अन् मी तो घेते — इतकी निर्ढावलेली.

गंगासागर शेळ्या राखायची. एका सकाळी ती सहा वर्षांच्या लेकीला, शिवकन्येला घेऊन माझ्या दारात आली. पोरीची छाती वाढू लागली होती, अन् त्या दिवशी कपड्याला रक्त लागलं होतं.

"ताई, एवढ्याशा लेकराला हे काहून होऊन राहिलं?"

आठ वर्षांच्या आत असं दिसलं तर लगेच डॉक्टरकडे न्यायचं — हे मला शिकवलेलं होतं. विसरले होते का? अजिबात नाही. पण तिच्या लुगड्याला शेळ्यांचा वास येत होता. दवाखान्यात चार लोकांत तिच्या शेजारी बसायचं — मला, पंधरा एकरवाल्यांच्या सुनेला, लाज वाटली. बस, एवढंच कारण. "डॉक्टरला विचारून सांगते," म्हणाले.

विचारलंच नाही.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा भाकरी थापता थापता, मानही वर न करता मी म्हणाले, "विचारलं मी. उष्णता हाय म्हणले डॉक्टर. होईल कमी." ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

पाच महिन्यांनी पोरीचं पोट फुगलं. बापानं तिला नांदेडला नेलं. बीजकोशात गाठ होती. त्या गाठीमुळंच लेकरू अवेळी वयात येत होतं. आता ती फुटून पोटात पसरली होती. ऑपरेशन झालं, कॅन्सरच्या सुया झाल्या. दीड वर्षानं शिवकन्या गेली.

तिचा बाप आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडे जाब विचारायला गेला; गंगासागर, गावातली माणसं अन् मीही तिथं होते. डॉक्टर तरुण होता, गोंधळला. "मला कुणी विचारलंच नाही," म्हणाला. सगळे माझ्याकडे वळले. तेव्हा तरी खरं बोलावं? छे. मी डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "विचारलं होतं साहेब, तुमी विसरले."

"ताई कशाला खोटं बोलंल?" गंगासागर म्हणाली.

गावानं त्या डॉक्टरला नको नको ते ऐकवलं. तो बदली मागून निघून गेला. गंगासागर त्यानंतर दवाखान्याची पायरी चढली नाही. ताप असो, तकलीफ असो, ती माझ्याकडेच येते. मी तिला गोळ्या देते.