काकूंची शिडाची बोट

आज मी समुद्रावर पोट भरतो ते काकूंमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण एकदा बोटीविषयी बोलायला लागलो की माणसं राहून जातात. आठवीतून शाळा सोडून हिंगोलीकडून कोल्हापुरात आलो, तेव्हा त्या माझ्या घरमालकीण. आणि अख्ख्या जिल्ह्यात समुद्रावर चालणारी शिडाची बोट बाळगणारी बाई एकच! नव्वदच्या सुमारास भाचीच्या लग्नाला गोव्याला गेल्या आणि मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या म्हाताऱ्याची जुनी लाकडी बोट घेऊन आल्या. लोक काजू आणतात.

बोट राहायची मालवणला, पण तिचा संसार कोल्हापुरात. शिडं आमच्या गच्चीवर वाळायची. फाटली की ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारा ती शिवायचा. दोरांच्या कप्प्या उद्यमनगरातल्या कारखान्यात ओतून घेतलेल्या. भाजीवालीनं नुसतं "काय वैनी, बरं हाय न्हवं?" म्हटलं, तरी काकूंचं उत्तर, "डोलकाठीला जरा चीर गेलीया." पुढे बोटीच्या राखणीला त्यांनी मलाच धाडलं. मला पोहता येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, "बरंच की! पवता येतंय ते बोट सोडून पळतंय."

काकांचा ट्रकांचा धंदा. त्यांना ही बोट डोळ्यांसमोर नको असायची. शेवटी त्यांनी मुंबईहून बोटी पारखणारे एक साहेब मालवणला आणले. साहेबांनी नापास केली की बोट भंगारात, असं नवराबायकोत ठरलं. बोट गेली की मीही गावी, आणि गावी काम कुठलं?

साहेबांनी हातोडीनं ठोकून पाहिलं, तळाची लाकडं टोचून पाहिली. म्हणाले, "लाकूड शाबूत आहे. पण फार जड बोट. वारा पडला की जागची हलायची नाही."

"बघा!" काका खूश. "मी काय सांगत होतो?"

"जड हाय म्हनूनच घेतली," काकू म्हणाल्या. "चला सायेब, बोटीतच जेवू."

बंदराबाहेर वारा चांगलाच उठला होता. आसपासच्या हलक्या होड्या टणाटण उडत होत्या. काकूंनी तांबड्या रश्शाच्या वाट्या काठोकाठ भरून पुढ्यात ठेवल्या. बोट सावकाश कलायची, सावकाश उठायची, पाण्यातून निघणाऱ्या म्हशीसारखी. रस्सा काठाशी यायचा, थबकायचा, माघारी जायचा. मी सुकाणू धरलेलं, नजर वाट्यांवर. सांडला तो एवढाच, काकांच्या सदऱ्यावर, आणि तोही त्यांच्याच हातानं!

साहेबांनी रस्सा पुन्हा मागून घेतला. "लांबच्या प्रवासाला अशीच बोट पाहिजे," ते म्हणाले. "विकणार असाल तर आधी मला सांगा."

"इकायची न्हाय वो," म्हणाले कोण, तर काका! त्या दिवसापासून ते गावभर 'आमची बोट' म्हणून सांगू लागले.

त्या बोटीवर शिकलो म्हणून आज परमुलखात लोक मला तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान म्हणतात. काकूंचे गुडघे आता गेले. धक्क्याची शिडी उतरवत नाही. फोनवर आधी वारा विचारतात, मग माझी तब्येत. एक दिवस मी त्यांना खुर्चीत बसवून, डोलकाठीच्या दोरीनं अलगद उचलून बोटीत घेणार आहे, आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत नेणार आहे.