पोटभरकाका आणि बारावं पिल्लू

बागेतल्या सर्पगृहात काम करणाऱ्या त्या गृहस्थांना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं उरलं होतं. बाकी सगळीकडे ते पोटभरकाका. भेटेल त्याला ते आधी विचारत, "पोटभर जेवलात ना?" हो म्हटलं तर काय जेवलात ते विचारत, आणि ते सांगितलं तर एवढ्यानं काय होतंय म्हणून हळहळत. तिकीट खिडकीवरच्या बाई साडेअकरालाच जेवण उरकत आणि रिकामा डबा पुराव्यादाखल खिडकीत उघडा ठेवत.

सव्वीस वर्षं काकांनी सापांना खाऊ घातलं होतं. पंधरा दिवसांतून एकदा खाऊन पडून राहणाऱ्या मंडळींत या माणसाचं आयुष्य जावं, ही नियतीनं केलेली थट्टाच. पण आजवर एकाही सापानं त्यांना परत पाठवलं नव्हतं. "माझ्या हातच्याला कोणी नाही म्हणत नाही," असं ते छाती फुगवून सांगत. मुलगा आणि सून चार वर्षांपूर्वी वेगळे राहायला गेले, ते ऑफिस लांब पडायचं म्हणून, असंही सांगत. नवं घर ऑफिसपासून आणखी लांब होतं, पण तेवढा हिशोब त्यांच्या तोंडावर कोणी केला नाही.

त्या वर्षी एका बिनविषारी सापिणीनं बारा अंडी घातली. अकरा पिल्लं एका दिवसात बाहेर आली, पहिली कात टाकून मोकळी झाली आणि समोर ठेवलेलं मेलेलं, गुलाबी, बिनकेसांचं उंदराचं पिल्लू गिळून आपापल्या खोक्यात गुमान पडली. बारावं दोन दिवस उशिरा आलं. भावंडं दहा-दहा ग्रॅमची, हे जेमतेम पाच. जाडी बुटाच्या नाडीएवढी. कात यानंही टाकली, पण खायचं नाव काढीना.

काकांनी कंबर कसली. अकराजणांना हातभर खोकी होती. बाराव्याला त्यांनी दर्शनी भागातली सगळ्यांत मोठी काचपेटी दिली. "अशक्त आहे हो, त्याला जरा ऐसपैस हवं." त्या पेटीत ते पिल्लू कोणाच्या तरी शर्टातून सुटलेल्या दोऱ्यासारखं दिसे. शिवाय काका त्याला दिवसातून नऊ वेळा बाहेर काढत. वजन करत, पाठीवरून बोट फिरवत, चिमट्यात उंदीर धरून त्याच्या नाकासमोर नाचवत.

"खा रे राजा. एकच घास. माझ्यासाठी."

पिल्लू तोंड फिरवी आणि शेपटीचं टोक थरथरवी.

"बघा, ओळखतं मला!" काका म्हणत. पिल्लू शेपूट थरथरवतं ते घाबरून, ही माहिती त्यांनी स्वतःच सव्वीस वर्षं प्रेक्षकांना दिली होती.

पाच आठवड्यांत काटा चार ग्रॅमवर आला. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नोंदवही चाळली, पेटीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"काका, तुमचा आकार बघा, त्याचा बघा. दिवसातून नऊ वेळा एवढा मोठा हात वरून येतो. त्याला काय वाटत असेल?"

"माया वाटत असेल."

"त्याला वाटतं, आज आपला नंबर लागला." त्यांनी पिल्लू हातभरही नसलेल्या अपारदर्शक डब्यात ठेवलं, वर चुरगळलेला कागद टाकला, उंदराचा अर्धाच तुकडा ठेवला आणि झाकण लावलं. "आठवडाभर उघडायचं नाही. आणखी अर्धा ग्रॅम गेला तर मला नळीनं भरवावं लागेल, आणि एवढंसं पोर त्यात बहुधा टिकत नाही."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस त्यांनी तग धरला. डब्याला कान लावला, डबा हुंगला, पण उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र "हवा खेळती आहे का तेवढंच बघतो" असं भिंतीला सांगून त्यांनी झाकण उचललं.

तुकडा गायब होता. पिल्लाच्या पोटात वाटाण्याएवढा फुगवटा होता.

काकांना आभाळ ठेंगणं झालं. पिल्लू मुठीत घेऊन ते आधी माळ्याकडे धावले, मग पाणी भरणाऱ्या बाईकडे, मग तिकीट खिडकीवर. "जेवलं! हे बघा पोट! हात लावून बघा!"

"मी नाही लावणार," तिकिटाच्या बाई खुर्ची मागे सरकवत म्हणाल्या. "अहो, ते आ का करतंय?"

पिल्लानं मान ताणली, अंग आकसलं आणि पाच आठवड्यांतलं आपलं एकुलतं एक जेवण तिकिटांच्या गठ्ठ्यावर ओकून टाकलं.

मग बाई म्हणाल्या, "जेवल्यावर दोन दिवस सापाला हलवायचं नाही, अशी पाटी आहे ना तुमच्याच दाराशी? तुमच्याच अक्षरात?"

काकांनी मान खाली घातली. डॉक्टरीणबाई संध्याकाळी आल्या, तेव्हा त्यांनी आवाजही चढवला नाही, आणि काकांना तेच जास्त लागलं. "आता दहा दिवस याच्या पोटाला काही देता येणार नाही. मग पाव तुकडा, शेवटचा प्रयत्न. तो या तिकिटाच्या बाई ठेवतील. तुम्ही रजेवर जा."

"मी? आणि ह्या? यांना सापाची किळस येते!"

"म्हणूनच. या झाकण उघडणार नाहीत."

काका घरी बसले आणि दिवसातून पाच वेळा खिडकीवर फोन करू लागले. सहाव्या वेळी बाई फोन उचलत नसत. मग ते पानावर बसलेल्या काकूंकडे वळत. "एवढंच? आणखी घे. तोंड उतरलंय तुझं."

तीन दिवस काकूंनी ऐकलं. चौथ्या दिवशी त्यांनी ताट उचललं, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून जेवल्या. तासाभरानं बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा कित्येक वर्षांत नव्हता इतका निवांत होता.

"हे काय नवीन?" काकांनी विचारलं.

"पिल्लाला डॉक्टरीणबाईंनी डबा दिला. मला तेहतीस वर्षांत कोणी दिला नाही, म्हणून माझा मीच केला." मग रिकामं ताट खाली ठेवत म्हणाल्या, "सूनबाई न्हाणीघरात दार लावून बिस्किटं खायची. ठाऊक होतं तुम्हाला?"

काकांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांनी फोनही केला नाही. उरलेले दिवस त्यांनी हाताची घडी घालून काढले. काकू जेवायला बसल्या की ते गॅलरीत जाऊन उभे राहत आणि रस्त्यावरून जाणारी माणसं मोजत.

अठराव्या दिवशी बोलावणं आलं. सर्पगृहात डॉक्टरीणबाई आणि तिकिटाच्या बाई दोघी उभ्या होत्या. डबा फळीवर, झाकण बंद.

"आहे?" काकांनी दारातूनच विचारलं.

"आहे. पाव तुकडा पाच दिवसांपूर्वी खाल्ला. ओकला नाही."

"पण पचला का?"

डॉक्टरीणबाईंनी कागदाचा कपटा पुढे केला. त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरट कडेची विष्ठा होती. "सकाळी कागद बदलताना मिळाली. पचल्याशिवाय ही येत नाही. वाचलं पोर."

काकांचे डोळे भरून आले. डब्याकडे गेलेला हात त्यांनी स्वतःच मागे घेतला, खिशात कोंबला, आणि दुसऱ्या हातानं कपटा धरून खिडकीच्या उजेडात गेले. चष्मा चढवला. दोन मिनिटं ते त्या दाण्याकडे एकटक बघत राहिले. या माणसाला अखेर शहाणपण आलं, असं वाटून तिकिटाच्या बाईंनीही पदरानं डोळे टिपायची तयारी केली.

"डॉक्टरीणबाई," काका हळूच म्हणाले, "थोडी कमीच वाटते नाही?"