नदीचा पाठ

उल्हासनगरच्या आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांच्या एप्रनच्या खिशात सदैव काचेची एक बाटली असते. ते शेजारी बसले की ओल्या खडूचा नि लिंबाच्या साबणाचा गंध दरवळतो. वाक्य संपवताना ते हलकेच "बघा हं" म्हणतात, जणू शब्द तळहातावर ठेवून दाखवताहेत.

परवा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय करण्यासाठी बैठक होती. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "सर, चार परदेशी पुस्तकं टाका ना यादीत, झालं इंटरनॅशनल! तुमचा तो नदीचा पाठ मात्र काढावा लागेल. तासच उरत नाहीत."

सरांनी बाटली टेबलावर ठेवली. आत गावातल्या वालधुनी नदीचं निळसर, उग्र वासाचं पाणी होतं.

"मॅडम, हा जीन्सच्या कारखान्यांतून नदीत येणारा रंग. या पाठात आपली मुलं तो मोजतात. बांगलादेशातल्या एका कॉलेजची मुलंही त्यांच्या नदीत हाच रंग मोजतात. आकडे एकमेकांना पाठवतात. गेल्या आठवड्यात तिकडच्या एका मुलीनं आपल्या मुलांची चूक काढली, बघा हं."

हे सांगताना त्यांचा चेहरा अभिमानानं उजळला होता.

बाईंनी नाकाला पदर लावला; मग बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

"कोणती चूक?" त्यांनी विचारलं.

सर समजावत राहिले. अभ्यासक्रमाच्या मसुद्यात परदेशी पुस्तकांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत बाईंनी स्वतःच्या हातानं नदीचा पाठ लिहिला.