शेवटचं नाव पुसल्यावर

नावावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. साडूभाऊ राहायला रोह्याला लागूनच्या अष्टमी गावात, नोकरी रोह्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळण्याची. त्यांचं म्हणणं असं, की नाव ही वरून चिकटवलेली चिठ्ठी. खरी ओळख नंबराची. कॉम्प्युटर प्रत्येक फाईलला आतून नंबराने ओळखतो, फोल्डरात फक्त 'या नावाचा नंबर अमुक' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून एकाच फाईलला हवी तितकी नावं देता येतात. हे त्यांनी मला माझ्याच साखरपुड्यात, पेढ्याचा हात हवेत धरून सांगितलं. त्यांचा शेजारी दुबईला असतो. तो घरी बाबू, मोहल्ल्यात इक्बालभाई आणि तिकडे नुसता फोरमन. साडूभाऊ त्याच्या आईला समजावत होते, "चाची, नावं तीन, माणूस एकच. एक पुसलं तर काय होत नाय. तिन्ही पुसली तर मात्र माणूस गेला." चाचीने तिथल्या तिथे दुबईला फोन लावला.

एकदा वडखळ नाक्यावर त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, कारण त्यांना अलिबागची पाटी दाखवायची होती. "ही पाटी म्हणजे शॉर्टकट. उद्या अलिबाग समुद्रात गेलं तरी पाटी हायच! मी देतो ती नावं अशी नसतात. ती थेट फाईलला धरून असतात." मागून एसटीचा ड्रायव्हर त्यांना आणखी काही नावं देत होता, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

आमच्या सासऱ्यांचा पेणला गणपतीचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करावी तर त्यांनीच. ती करता करता ते स्वतःशी पुटपुटत, आणि साडूभाऊंनी एकदा ते मोबाईलवर टिपून ठेवलं. सासरे गेल्यावर त्यांचा आवाज म्हणून आमच्याकडे उरला तो एवढाच. व्हिडिओ कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर होता: माझ्या बायकोच्या फोल्डरात 'बाबा' या नावाने, मेव्हण्याच्या फोल्डरात 'अण्णा' या नावाने. फाईल अर्थात एकच; मोबाईलवरचीसुद्धा साडूभाऊंनी काढून टाकली होती. "वेगळी प्रत काढून ठेवा की," असं मी म्हटलं, तर साडूभाऊ चिडले. "माणूस एक होता. फाईलपण एकच राहील." त्यांच्या तत्त्वापुढे आम्ही हात टेकले.

गणपती तोंडावर आले आणि गिऱ्हाइकांना पाठवायच्या मूर्तींच्या फोटोंनी कॉम्प्युटर भरला. भावाकडे आहेच, म्हणून बायकोने सकाळी 'बाबा' पुसलं. बहिणीकडे आहेच, म्हणून मेव्हण्याने दुपारी कचरापेटीसकट 'अण्णा' पुसलं. चहाच्या वेळी दोघांनी एकमेकांना हे सांगितलं आणि चहा तसाच राहिला. मेव्हणा ब्रश धुवायच्या डब्यापाशी बसून लहान मुलासारखा रडला.

मी रोह्याला फोन केला. साडूभाऊंनी शिव्या घातल्या नाहीत, फक्त विचारलं, "पुसल्यावर जागा वाढली का?"

"नाय हो, तेवढीच आहे."

"मंग फाईल गेली नाय! कोणीतरी ती उघडून बसलंय. कोणी उघडून बसलं असेल तर नाव नसलं तरी कॉम्प्युटर तिला हात लावत नाय. काय म्हणजे काय बंद करू नका. आलोच!"

मेव्हण्याने कॉम्प्युटरवरच्या उघड्या खिडक्या एकेक करून बाजूला सारल्या, तर सगळ्यांच्या मागे सासरे होते. जेवणानंतर सासूबाई रोज व्हिडिओ लावत. आजही लावला होता आणि अर्ध्यात थांबवून त्या जरा आडव्या झाल्या होत्या. आता वीज गेली तर संपलंच. इन्व्हर्टरचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही पंखे बंद केले आणि घामाघूम होऊन, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे त्या पडद्यापुढे बसलो. सासूबाई सगळ्यांत पुढे, खुर्चीवर.

साडूभाऊ हेल्मेटसकट आत शिरले. थोडी खटपट करून त्यांनी नंबरावरून फाईल शोधली आणि नवी प्रत काढायला घेतली. प्रत म्हटली की नाव आलंच.

"आई, काय नाव देऊ?"

सासूबाईंनी जन्मात कधी सासऱ्यांचं नाव घेतलं नव्हतं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे सासरे एका डोळ्यावर ब्रश टेकवून थांबले होते.

"नाव नाय घ्यायची मी," त्या म्हणाल्या. "मी बगत बसलेय तवर हायत ना ते?"

समोरच्याची चूक सुधारल्याशिवाय आमच्या साडूभाऊंना घास गिळत नाही. त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

"व्हय आई," ते म्हणाले, "हायत."

नावाच्या जागी त्यांनी नुसता नंबर टाकला. मग तत्त्व गुंडाळून ठेवून आम्हा प्रत्येकाच्या मोबाईलवर एकेक प्रत घातली. आता ती खिडकी बंद करायला काहीच हरकत नव्हती. पण माऊसकडे कुणाचाच हात गेला नाही.