जवळा, ब्रश आणि गोल्डफिश

सासरे आमच्याकडे राहायला आले ते राहायचं नाही असं ठरवूनच. सासूबाई गेल्यापासून गावी, अंजूरच्या घरी ते एकटेच असत. मधुमेहाच्या गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, नाही आठवल्या तर नाही, असा कारभार. एकदा चक्कर येऊन मोरीत पडले, ते सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा लोकांना कळलं. डॉक्टरांनी बजावलं, यांना आता एकटं ठेवू नका. मी काही फार हळवी बाई नाही. गोदामातल्या ऑफिसची नोकरी, घरचं सगळं आणि वर रिक्षाने अंजूरच्या फेऱ्या, हे मला झेपत नव्हतं. ते भिवंडीत असणं माझ्या सोयीचं होतं आणि त्यांच्या जिवाच्याही.

त्यांना मात्र फ्लॅटमध्ये करमेना. आमच्या भिंतीला लागूनच कापडाच्या लूमचा कारखाना. दिवसभर खटखट चालायची आणि भिंतीला हात लावला तर थरथर कळायची. "हितं भितपण ड्युटी करते," ते म्हणायचे. गावी त्यांचं तळं होतं. खाडीतून जिताडा माशाची बारकी पिल्लं आणून त्यात सोडायची, त्यांना वर्षानुवर्षं कोलंबी आणि सुका जवळा खाऊ घालायचा आणि जावई जेवायला आला की एक काढायचा, हा त्यांचा थाट. आता तळ्याच्या जागी कुणाचंतरी गोदाम आहे.

बाबांना माशांची आवड आहे, एवढ्या हिशेबावर माझ्या नवऱ्याने एके दिवशी काचेची टाकी आणली. सोबत हवेचा पंप, रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडं, माशांच्या खाण्याचा डबा आणि अंगठ्याएवढे चार गोल्डफिश.

बाबांनी वाकून पाहिलं. "ये मोठं कवा व्हायचं?"

"हे बघायचे मासे आहेत, बाबा," मी म्हटलं.

"मासा बघायचा? मग जेवायला काय, डाळ?" त्यांनी काचेवर टिचकी मारली. "आठ दिसांत मरतील. ये मेलं का मी चाललो अंजूरला. मग मना कोणी आडवायचं न्हाय."

"बरं," नवरा म्हणाला. त्याला कशालाही बरं म्हणायची सवय आहे. निस्तरायचं मला असतं.

तर असं सासऱ्यांच्या मुक्कामाचं ओझं त्या चार माशांवर येऊन पडलं. मी पदर खोचला. माझ्या घरात कढईची बाहेरची बाजूसुद्धा चकाकते, मग मासे घाणीत कसे राहतील? भिवंडीची सुट्टी शुक्रवारची; लूम बंद, ऑफिस बंद. मी मासे पातेल्यात काढले, टाकी रिकामी केली, काच ब्रशने घासली, खडे गरम पाण्यात धुऊन गच्चीवर वाळवले आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. लोणच्याची बरणीसुद्धा इतकी स्वच्छ कुणी केली नसेल. दुसऱ्या दिवशी एक मासा उलटा तरंगत होता.

"एक गेला," बाबा म्हणाले. आवाजात दुःख असं काही नव्हतं.

मला वाटलं, माझीच साफसफाई कमी पडली. पुढच्या शुक्रवारी आणखी जोरात घासलं. दुसरा गेला.

"आता दोन," बाबा म्हणाले आणि अंजूरच्या घराची किल्ली कुठे ठेवली आहे ते मला विचारलं.

मग पाणी गढूळ व्हायला लागलं. घासून दोन दिवस होत नाहीत तो ताकासारखं पांढुरकं दिसे. वासही यायला लागला आणि तो वास ओळखीचा होता. मी हात घालून खडे वरखाली केले तर खाली कुजलेला जवळा.

"बाबा, हा टाकीत कोणी टाकला?"

"मना काय माहीत?"

"जवळ्याचा डबा तुमच्या खाटेखाली कसा मग?"

ते उलट माझ्यावरच आले. "काय टाकतस तू त्यांना? ते कागदाचं तुकडं! पोरं तोंड उघडून वर येतात, दिसत न्हाय? भुकेली हायती!"

"सकाळी मी घालते. तुम्ही किती वेळा घालता?"

"मागतील तवा."

शेजारच्या भाभीही येता-जाता चिमूटभर टाकून जायच्या, हे तेव्हाच उघड झालं. आमच्याकडे दारात आलेला उपाशी जाऊ देत नाहीत. टाकीतले तर घरचेच.

उरलेल्या दोनांपैकी एक तळाशी पडून होता, पर मिटून. दुसरा वर तोंड काढून नुसता धापा टाकत होता. बाबांनी पिशवी काढली आणि धोतरं घड्या करून भरायला घेतली. ते खरंच जाणार, हे मला तेव्हा पटलं. मी चप्पल घातली आणि मासे घेतले होते त्या दुकानात गेले.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "भाभी, पूरा पानी कौन बदलता है? थोड़ा निकालो, थोड़ा डालो. और नल का पानी एक दिन रखके डालना, उसमें दवाई रहती है. खाना भी इतना ही, कि दो मिनट में खतम हो जाए."

"घेताना का नाही सांगितलं?"

"आपके साहब ने पूछा ही नहीं. बोले, बढ़िया वाला पंप दो."

परत येताना वाटेत माझं मलाच उमगलं. दुधाला विरजण लागतं, तसं त्या पाण्यात आणि खड्यांवर माशांना जगवणारं काहीतरी धरत असणार, आणि मी दर शुक्रवारी ते गरम पाण्याने धुऊन काढत होते. म्हणजे माशांना मी ब्रशने मारत होते आणि बाबा जवळ्याने. आता बाबांना समजावणं म्हणजे वेळ घालवणं. आणि खरं सांगायचं तर ब्रश दिसला की माझाही हात थांबला नसता. स्वभाव बदलत बसण्यापेक्षा कामं बदलावीत.

"बाबा, पिशवी राहू दे," मी घरात शिरताच म्हटलं. "आजपासून खाणं माझ्याकडे. तुम्ही हात लावायचा नाही. पाणी तुमच्याकडे. मी हात लावणार नाही."

"मी घासू?"

"घासायचं नाहीच. पिंपातलं कालचं पाणी घ्यायचं, तांब्याने टाकीतलं थोडं काढायचं, तेवढंच घालायचं."

"एवढंच? ये तं मी बसून करीन."

आणि बसूनच करायला लागले. आल्यापासून त्यांनी घरातला एक पेला विसळला नव्हता, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त काही साफ होण्याची भीतीच नव्हती. माझा हातही खाण्याच्या बाबतीत तसा आखडताच. चार कण टाकायचे आणि डबा कुलपात. भाभींनाही सांगून टाकलं, माशांचा उपास आहे. काचेला हिरवट झाक आली, मी तिकडे पाठ करून भाजी निवडत बसायचे. पाणी हळूहळू निवळलं. तळाशी पडलेला मासा आधी पर हलवायला लागला, मग वर आला आणि एके सकाळी खाण्यासाठी दुसऱ्याला ढकलताना दिसला.

मे महिन्यात वीज जायची, पंप बंद पडायचा. तेव्हा बाबा शेजारी बसून तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून वरून धार धरायचे. भिंतीपलीकडे लूमही गप्प आणि घरात नुसती ती धार. अशाने पाण्यात हवा मिसळते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे तपासणीत साखर आटोक्यात आलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, चार दिवस गावी राहून यायला हरकत नाही. नवऱ्याने लगेच विचारलं, "सोडू का बाबा, अंजूरला?"

"आन हिच्या जिवावर ठेवू यांना?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "चार कण टाकते, तेपण मोजून. मी गेलो का उपाशी मारंल."

"आणि पाणी मी बदलीन," मी म्हटलं. "चांगलं घासून."

"बघ! ऐकलंस?" ते मुलाला म्हणाले. "न्हाय रे बाबा. मना काय कुठं जायचं न्हाय."

मी सकाळची गोळी पुढे केली. त्यांनी ती गिळली आणि विचारलं, पिंपातलं पाणी कालचंच आहे ना.