दुसऱ्या खांद्यावरचा पदर

माझी थोरली बहीण कुसुमअक्का कधी मान खाली घालून उभी राहील, हे बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात कुणाला सांगून पटलं नसतं. मुलींच्या शाळेत मास्तरीण, आवाज खणखणीत, आणि चूक झालीच तर ती समोरच्याची. अशा बाईला मान खाली घालायला लावली ती एका जुन्या कॅमेऱ्याने.

सन एकोणीसशे एकोणपन्नास. संस्थानं विलीन होऊन गेली होती, आणि एका लहानशा संस्थानात दरबाराचे फोटो काढणारे वामनराव दरबारच न उरल्यामुळे बुऱ्हाणपूरला परतले होते. त्यांच्या नातीला अक्काने गणितात पास करून दाखवलं, म्हणून त्यांनी आपला कॅमेरा अक्काला देऊन टाकला. उभी चौकोनी डबी, पुढे एकावर एक दोन भिंगं. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. बघायचं तेही डोळ्याला लावून नाही. डबी पोटाशी धरायची, माथ्यावरचं झाकण उघडायचं आणि आतल्या काचेत वाकून बघायचं.

पंधरा दिवस अक्काने घर डोक्यावर घेतलं. रीळ सावलीत कसं भरायचं, मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत किल्ली कशी फिरवायची, सगळं घोकून झालं. मला अंगणात इकडून तिकडे चालवलं. मी डावीकडे गेले की काचेत उजवीकडे जायचे. "तूच उलटी चालतेस, रजनी," म्हणाली. वामनरावांनी तिला सांगून ठेवलं होतं, काचेत दिसतं तेच फिल्मवर येतं. त्यांच्या या एका वाक्यावर तिचा जेवढा विश्वास बसला, तेवढा माझ्यावर जन्मात बसला नाही.

पहिल्या आल्या धुरपदाबाई. शाहपूरच्या, घरची कपाशी, वय साठीच्या पुढे. बाजारातल्या फोटोवाल्यासमोर बसायला त्या तयार नव्हत्या.

"तो मानूस टक लावून पाह्यते," त्या अक्काला म्हणाल्या. "तुम्ही खाली मान घालून काढता असं आयकलं, म्हनून आली. माझ्या मायचा फोटो नव्हता. आता तिचं तोंडच ध्यानात येत नाही. माझ्या पोरांचं तसं नको व्हायला."

अक्काने त्यांना ओट्यावर बसवलं आणि काचेत बघितलं. पदर उजव्या खांद्यावर! शाहपूरकडे काही घरांत गुजराती रीतीने तसा घेतात, पण धुरपदाबाई तसा घेत नसत.

"मावशी, पदर भलतीकडे गेलाय. दुसऱ्या खांद्यावरून घ्या," अक्का काचेवरची नजर न काढता म्हणाली.

मी तोंड उघडलं. "रजनी, मध्ये बोलू नकोस," असं ती काचेतच बघत म्हणाली. शहरात फोटोला असंच लागत असेल, असं समजून धुरपदाबाईंनी मुकाट्याने पदर बदलला. खटका दाबला गेला.

वामनरावांच्या अंधाऱ्या खोलीतून फोटो धुऊन आला. चेहरा असा स्वच्छ की भुवईजवळच्या गोंदणाचे ठिपके मोजावेत. आणि पदर उजव्या खांद्यावर. हसायचं म्हणून मी किती दिवस थांबले होते, पण अक्काचा चेहरा बघून हसूच आलं नाही.

"काचेत डावं-उजवं उलटं दिसतं," वामनराव ओशाळून म्हणाले. "इतक्या वर्षांत मला ते जाणवेनासंच झालं, गं. सांगायचं राहिलं. फाडून टाक, दुसरा काढ."

"फाडणार नाही. चूक माझी आहे, त्यांना दाखवणार," अक्का म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि मला तिचा फार अभिमान वाटला. पुढे पंचवीस वर्षं पार तुकईथड गावापर्यंतच्या बायका तिच्यासमोर बसल्या. दर वेळी खटका दाबण्याआधी ती एकदा मान वर करून समोर बघायची. ती सवय तेव्हाची.

आठवड्याने धुरपदाबाई आल्या. अक्काने फोटो त्यांच्या हातात दिला.

"मावशी, माझ्या हातून चुकलं. पदर उलटा आला. आज दुसरा काढते."

धुरपदाबाईंनी फोटो उजेडाकडे धरला. मग पदराच्या काठावरून बोट फिरवत म्हणाल्या, "माय."

अक्काला वाटलं, तिलाच हाक मारली. ती पुढे झाली.

"माझी माय सुरतेकडची," धुरपदाबाई म्हणाल्या. "मरेपर्यंत असाच पदर घेतला तिनं. हे तिचंच तोंड आहे, बाई. बराबर तिचंच."

त्यांनी फोटो ओच्यात ठेवला, डोळे पुसले, पदर नेहमीसारखा डाव्या खांद्यावरून घेतला आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

"हा मायचा झाला," म्हणाल्या. "आता माझा काढा."